पडद्यावरील एकटा आणि पडद्याआडचीं माणसें

नाटक म्हटलें कीं किमान दोन माणसें आलीं, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. एकानें मागावें, दुसऱ्यानें नाकारावें. एकानें बोलावें, दुसऱ्यानें उलट बोलावें. आणि या ओढाताणींतून जें निर्माण होईल त्याला आपण नाट्य म्हणावें. ही समजूत चुकीची नाहीं, परंतु अपुरी आहे. ज्या रंगभूमीवर एकच माणूस उभा आहे, किंवा ज्या चित्रपटांत आरंभापासून अखेरपर्यंत एकच चेहरा दिसतो, तेथेंहि दुसरें माणूस असतेंच. फक्त तें दिसत नाहीं. तें कोठें असतें, त्याचें म्हणणें आपल्यापर्यंत कोणत्या वाटेनें येतें, आणि न दिसल्यामुळें त्याच्यावर अन्याय तर होत नाहीं ना, हे प्रश्न चित्रपटाहून फार जुने आहेत. एकपात्री चित्रपटाविषयीं प्रेक्षकांत जें टोंकाचें दुमत आढळतें, त्याचें मूळहि या प्रश्नांतच आहे, असें दाखविण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

विवेचनास आधार म्हणून स्टीव्हन नाइट या इंग्रज लेखक-दिग्दर्शकाचा 'लॉक' हा चित्रपट घेऊं. तो २०१३ सालीं व्हेनिसच्या चित्रपट-महोत्सवांत प्रथम दाखविला गेला. त्याची लांबी अवघी ८५ मिनिटें. कथा इतकी थोडी कीं ती दोन-चार वाक्यांत सांगतां येते. आयव्हन लॉक हा बर्मिंगहॅम येथील एका प्रचंड इमारतीच्या बांधकामावरील प्रमुख. दुसऱ्या दिवशीं पहाटे पायाचें काँक्रीट ओतावयाचें आहे. शेंकडों गाड्या यावयाच्या आहेत. आदल्या रात्रीं हा गृहस्थ काम संपवून मोटारींत बसतो, आणि घराकडे न वळतां लंडनच्या रस्त्याला लागतो. कारण तेथें एका रुग्णालयांत बेथन नांवाची स्त्री त्याच्या मुलाला जन्म देत आहे. तिच्यावर त्याचें प्रेम नाहीं. तिच्याशीं त्याचा संबंध एका रात्रीपुरता आला होता. घरीं पत्नी कॅट्रिना आणि दोन मुलगे फुटबॉलचा सामना पाहण्यासाठीं त्याची वाट पाहात आहेत. मोटारींतील दूरध्वनीवरून तो एकेकाशीं बोलूं लागतो: पत्नीशीं, मुलांशीं, वरिष्ठाशीं, हाताखालच्या डोनल नांवाच्या माणसाशीं, आणि रुग्णालयाशीं. लंडन जवळ येईपर्यंत त्याची नोकरी गेलेली असते, आणि पत्नीनें घराचें दारहि बंद केलेलें असतें. पडद्यावर या सर्व वेळांत दिसतो तो टॉम हार्डी हा एकच नट, मोटारीच्या चाकामागें बसलेला. बाकीचीं सारीं माणसें म्हणजे नुसते आवाज.

हा चित्रपट घेण्याची पद्धतिहि त्याच्या घाटास अनुरूप होती. मोटार एका ठेंगण्या वाहनावर चढवून रात्रीच्या रस्त्यावरून नेण्यांत आली. तीन कॅमेरे एकदम चालत. आणि इतर नट एका हॉटेलांत बसून ठरल्या क्रमानें खरोखरीच दूरध्वनि करीत. संहिता तुकड्यातुकड्यांनीं न घेतां अथपासून इतिपर्यंत सलग म्हटली जाई, आणि असें आठ रात्रीं चाललें. हार्डी यास त्या दिवसांत सर्दी झाली होती; ती लपविण्याऐवजीं कथानायकासच सर्दी झाल्याचें दाखवून काम पुढें नेलें. म्हणजे जें आपणांस दिसतें तें एका माणसाचें असलें, तरी जें घडलें तें अनेकांचें होतें. ऑलिव्हिया कोलमन, रूथ विल्सन, अँड्र्यू स्कॉट, बेन डॅनियल्स आणि टॉम हॉलंड यांचे चेहरे पडद्यावर एकदांहि येत नाहींत. तथापि त्यांच्या आवाजावांचून हार्डीच्या चेहऱ्यावर कांहींच उमटलें नसतें. ऐकणाऱ्या माणसाचा अभिनय हा समोर बोलणारा असेल तरच संभवतो.

आतां प्रेक्षकांच्या मतांकडे वळूं. लॉस एंजलीस येथील चित्रपट-समीक्षकांच्या संघानें २०१४ सालच्या उत्कृष्ट नटाचा मान या भूमिकेसाठीं हार्डी यास दिला. परंतु समीक्षकांचा कौल कोणीकडेहि असो, घरोघरच्या प्रेक्षकांत अशा चित्रपटाविषयीं एकमत होणें कठीण. एक पक्ष म्हणतो, हा चित्रपटच नव्हे. ही आकाशवाणीवरील श्रुतिका. डोळे मिटून ऐकली असती तरी काय बिघडलें असतें? या पक्षाची तक्रार अशी कीं, कांहीं घडतच नाहीं. रस्ता, दिवे, पुन्हां रस्ता, पुन्हां दिवे. दुसरा पक्ष सांगतो कीं, आम्ही जागचे हललों नाहीं. दूरध्वनीची घंटा वाजली कीं आमच्याच छातींत धस्स होई. तिसरा एक पक्ष आहे, आणि तो मला सर्वांत विचार करण्याजोगा वाटतो. त्याला घाटाशीं कर्तव्य नाहीं. तो नायकाच्या वागण्यावर भांडतो. लॉक हा शब्दाचा सच्चा, कीं मूर्ख, कीं निर्दय? त्यानें गेलें पाहिजे होतें, कीं नको होतें?

गंमत अशी कीं, पहिला पक्ष 'कांहीं घडत नाहीं' असें म्हणतो तेव्हां त्याच्या डोळ्यांदेखत एका माणसाची नोकरी, संसार आणि नांवलौकिक हीं तिन्हीं धुळीस मिळालेलीं असतात. 'घडत नाहीं' याचा त्याच्या मनांतील अर्थ 'दिसत नाहीं' एवढाच असतो. दिसणें आणि घडणें हीं दोन्हीं एकच, हा चित्रपटानें लावलेला संस्कार आहे. आणि तो फार जुना नाहीं. आपल्याकडील जुन्या नाट्यशास्त्रकारांस तो मान्य झाला नसता.

भरताच्या नाट्यशास्त्रांत रूपकाचे जे दहा प्रकार सांगितले आहेत, त्यांत 'भाण' हा एक आहे. त्यांत अंक एक आणि पात्रहि एकच. बहुधा तो एखादा चतुर, बोलघेवडा, नगरांतील साऱ्या उंबरठ्यांची माहिती असलेला विट असतो. तो रस्त्यानें चालत जातो. वाटेंत त्याला अनेक माणसें भेटतात. परंतु त्यांपैकीं एकहि रंगभूमीवर येत नाहीं. विट त्यांच्याकडे पाहून बोलतो, कान देऊन ऐकल्यासारखें करतो, 'काय म्हणतोस?' असें विचारून त्यांचें उत्तर स्वतःच उच्चारतो, आणि मग त्यावर आपलें प्रत्युत्तर देतो. या युक्तीला शास्त्रकारांनीं 'आकाशभाषित' असें सुंदर नांव दिलें आहे. रिकाम्या आकाशाशीं केलेलें भाषण, आणि तेंहि असें कीं प्रेक्षकाला आकाश रिकामें वाटूं नये. दहाव्या शतकांतील धनंजयाच्या दशरूपकांतहि भाणाचें लक्षण याच धर्तीचें आहे.

ही केवळ शास्त्रांतील तरतूद होती असें नव्हे. १९२२ सालीं 'चतुर्भाणी' या नांवानें चार प्राचीन भाण छापून प्रसिद्ध झाले, आणि पाटलिपुत्र व उज्जयिनी यांच्या रस्त्यांवरील गजबज अभ्यासकांपुढें उभी राहिली. त्यांपैकीं 'उभयाभिसारिका' या भाणाची रचना आपल्या विषयाच्या दृष्टीनें लक्षांत घेण्यासारखी आहे. रुसलेल्या प्रेयसीची समजूत घालण्याचें काम एका विटाकडे सोंपविलेलें असतें. तो निघतो खरा. परंतु वाटेंत या ना त्या व्यक्तीशीं बोलण्यांत त्याचा वेळ जातो, आणि तो मुक्कामास पोंचतो तेव्हां तीं प्रेमी माणसें आपलीं आपण एकत्र आलेलीं असतात. ज्या कामासाठीं विट निघाला, तें त्याच्यावांचूनच पार पडतें. 'लॉक'चा शेवट ज्यानें पाहिला असेल त्यास हा भाण वाचतांना नवल वाटल्याखेरीज राहणार नाहीं. ज्या मुलाच्या जन्मासमयीं हजर राहावयाचें म्हणून त्यानें सर्वस्व पणाला लावलें, तें मूल तो रुग्णालयांत पोंचण्यापूर्वींच जन्मतें, आणि त्याचें पहिलें रडणें त्याला मोटारींतच ऐकूं येतें. नाइट यांनीं चतुर्भाणी वाचली असावी असें मी मुळींच सुचवीत नाहीं. एकट्या माणसाला रस्त्यावर सोडून दिलें कीं कथेला आपोआप हें वळण लागतें, एवढेंच म्हणावयाचें आहे. त्याच्या हातीं बोलणें तेवढें असतें. आणि बोलण्यानें जग थांबत नाहीं.

आकाशभाषितांतील एक गोष्ट मात्र ध्यानांत ठेविली पाहिजे. तेथें न दिसणाऱ्या माणसाचें उत्तर आपणांस विटाच्याच तोंडून कळतें. तें त्यानें जसेंच्या तसें सांगितलें, कीं आपल्या सोयीनें वाकविलें, हें ताडण्यास कोणतेंहि साधन नाहीं. भाण हा हास्याचा आणि शृंगाराचा प्रकार असल्यामुळें त्याचें कांहीं बिघडत नाहीं. विट लबाड आहे हें सर्वांनाच ठाऊक असतें, आणि त्याच्या लबाडीचेंच आपण कौतुक करतों. तोच घाट जेव्हां गंभीर विषयासाठीं वापरला जातो, तेव्हां मात्र अडचण उभी राहते.

युरोपांत हा घाट गंभीर विषयाला लागू करण्यास एका यंत्राचें साहाय्य झालें. १८७६ सालीं दूरध्वनीचें एकस्व मिळालें, आणि पुढें दोन पिढ्यांच्या आंत तें यंत्र घरोघरच्या खोल्यांत शिरलें. समोर कोणी नसतां मनुष्य बोलतो, रडतो, विनवणी करतो, हें दृश्य इतिहासांत प्रथमच वेडेपणाचें लक्षण न राहतां नित्याचें झालें. फ्रेंच लेखक झाँ कॉक्तो यानें ही संधि अचूक हेरली. १९३० सालीं पॅरिसच्या 'कोमेदी फ्रान्सेज' या राष्ट्रीय नाट्यगृहांत त्याची 'मानवी आवाज' या अर्थाच्या नांवाची एकांकिका झाली. तींत एक स्त्री तिला सोडून दुसरीशीं लग्न करावयास निघालेल्या प्रियकराशीं दूरध्वनीवरून अखेरचें बोलते. भाणांतील विट दुसऱ्याचें बोलणें उच्चारून दाखवितो. कॉक्तोची नायिका तेंहि करीत नाहीं. आपणांस तिचे शब्द आणि तिच्या मौनाचे तुकडे एवढेंच मिळतें. तो पुरुष काय म्हणाला, खोटें बोलला काय, त्याला खेद होतो काय, हें सारें प्रेक्षकानें आपल्या मनाशीं रचावयाचें. १९४८ सालीं रोबेर्तो रोसेलिनी या इटालियन दिग्दर्शकानें आना मान्यानी हिला घेऊन याच एकांकिकेवरून आपल्या एका द्विखंडी चित्रपटाचा पूर्वार्ध तयार केला, आणि १९५९ सालीं संगीतकार पूलांक यानें तिची संगीतिका केली. एकटी नटी आणि एक दूरध्वनि एवढ्यावर रंगभूमि, चित्रपट आणि संगीत या तिन्हीं कलांनीं आपली परीक्षा देऊन पाहिली.

पूर्ण लांबीच्या चित्रपटांत हें धाडस प्रथम झालें तें मात्र आपल्या मुंबईंत. १९६४ सालीं सुनील दत्त यांनीं आपल्या अजंठा आर्ट्स या संस्थेतर्फे 'यादें' हा हिंदी चित्रपट काढला. नट म्हणून त्यांचें नांव 'मदर इंडिया'पासून, म्हणजे १९५७ पासून, सर्वतोमुखीं झालें होतें. दिग्दर्शक म्हणून ही त्यांची पहिलीच कृति. कथा नर्गिस यांची. एक गृहस्थ रात्रीं घरीं परततो. पत्नी आणि मुलें घरांत नाहींत. तीं आपणांस कायमचीं सोडून गेलीं, असा त्याचा ग्रह होतो. मग तो रागावतो, आठवतो, पश्चात्ताप करतो, आणि अखेरीस जीव देण्याच्या विचारापर्यंत जातो. सुमारें दोन तासांच्या या कृष्णधवल चित्रपटांत दिसतात ते एकटे सुनील दत्त. पत्नीचा आवाज नर्गिस यांचा; आणि शेवटीं ती परत येते तीहि केवळ छायेच्या रूपानें. सर्वांत कमी नटांचा कथाचित्रपट म्हणून गिनेसच्या विक्रमांच्या ग्रंथांत त्याची नोंद झाली.

या चित्रपटाचें संगीत वसंत देसाई यांचें होतें, ही गोष्ट मराठी वाचकांस आवर्जून सांगितली पाहिजे. 'श्यामची आई', 'झनक झनक पायल बाजे', 'दो आँखें बारह हाथ' यांसारख्या चित्रपटांस ज्यांनीं संगीत दिलें, त्यांच्यावर येथें आगळी कामगिरी येऊन पडली. इतर चित्रपटांत पार्श्वसंगीत पात्रांच्या मागें उभें असतें; येथें घरांत दुसरें कोणीच नसल्यामुळें पार्श्वसंगीतालाच पात्र व्हावें लागतें. एकपात्री चित्रपटांत ध्वनि हा दुसरा नट असतो. अगदीं अलीकडचें उदाहरण द्यावयाचें तर २०१९ सालच्या 'ओत्त सेरुप्पु साइझ ७' या तमिळ चित्रपटाचें देतां येईल. त्यांत लेखक, दिग्दर्शक आणि पडद्यावरील एकमेव नट या तिन्हीं नात्यांनीं पार्थिबन हे एकटेच आहेत. खुनाच्या संशयावरून पोलिसांनीं आणलेल्या माणसाची ती जबानी. जबानी घेणारे अधिकारी केवळ आवाजांतून हजर. त्या चित्रपटास जे राष्ट्रीय पुरस्कार मिळाले त्यांत एक परीक्षकांचा विशेष पुरस्कार होता, आणि दुसरा रसूल पूकुट्टी यांच्या ध्वनिसंयोजनाचा होता. जेथें एकच नट आहे तेथें दुसरें बक्षीस ध्वनीला जावें, यांत न्यायच झाला.

'यादें'चें लोकांनीं स्वागत काय केलें? धाडसाची वाखाणणी झाली. तिकिटांच्या खिडकीवर मात्र गर्दी झाली नाहीं. पैसे देऊन चित्रपटगृहांत जाणाऱ्या त्या काळच्या कुटुंबाला नाच, गाणीं, खलनायक आणि काश्मीरचा देखावा एवढें सारें हवें असे. त्याला एका माणसाचें बंद घर देऊं केलें तर त्यानें पाठ फिरवावी हें स्वाभाविक होतें. परंतु कारण एवढेंच नसावें. 'यादें'मधील एकटा माणूस सारखा बोलतो. भिंतीशीं बोलतो, वस्तूंशीं बोलतो, स्वतःशीं बोलतो. रंगभूमीवर स्वगत चालतें, कारण नटाच्या समोर जिवंत प्रेक्षक असतो आणि त्या स्वगताचा कान तोच असतो. पडद्यावरच्या माणसास हा कान नाहीं. तेथें मोठ्यानें केलेलें स्वगत कृत्रिम वाटूं लागतें. नाइट यांनीं पन्नास वर्षांनंतर हीच अडचण दूरध्वनीनें सोडविली. त्यांचा नायक ज्या ज्या वेळीं बोलतो त्या त्या वेळीं ऐकणारा कोणीतरी खरोखरच दुसऱ्या टोंकाला आहे. एक ठिकाण मात्र याला अपवाद आहे. त्याकडे पुढें येऊं.

मराठी प्रेक्षकाच्या बाबतींत आणखी एक गोष्ट विचारांत घ्यावी लागते. एकपात्री प्रयोग त्याला नवा नाहीं. कीर्तनकार उत्तररंगांत आख्यान लावतो तेव्हां तो क्षणांत द्रौपदी होतो, क्षणांत दुःशासन होतो, आणि उपरणें सांवरून पुन्हां बुवा होतो. १९६१ सालीं पु. ल. देशपांडे यांनीं 'बटाट्याची चाळ' एकट्यानें रंगभूमीवर उभी केली. पुढें लक्ष्मण देशपांडे यांनीं 'वऱ्हाड निघालंय लंडनला' या प्रयोगांत पन्नासाहून अधिक माणसें एका देहांत वागविलीं. आपला एकपात्री नट हा असा बहुरूपी आहे. एकांत अनेक, ही आपली अपेक्षा. आणि रूपें जितकीं जास्त तितकी टाळी मोठी. 'लॉक'मध्यें याच्या उलट प्रकार आहे. तेथें नट दुसऱ्या कोणाचेंहि सोंग आणीत नाहीं. हात चाकावर, डोळे रस्त्यावर, आवाज शक्यतों चढूं द्यावयाचा नाहीं. त्याचा सारा अभिनय रोखून धरण्याचा आहे. तेव्हां आपल्याकडील एखादा रसिक 'नट नामांकित खरा, पण त्यानें केलें काय?' असें विचारूं लागला तर तो अरसिक ठरत नाहीं. तो आपल्या परंपरेचें माप घेऊन आला आहे, इतकेंच. परंतु माप बदललें पाहिजे. बहुरूपी नट दुसरीं माणसें आपल्यापुढें आणून ठेवतो. लॉकसारखा नट तीं आपणांकडून करवून घेतो. कॅट्रिनेचा चेहरा कसा आहे, ती कोणत्या खोलींत उभी आहे, तिनें डोळे पुसले कीं नाहीं, हें प्रत्येक प्रेक्षकानें आपापल्या मनांत रंगविलेलें असतें; आणि कोणत्याहि दोघांची कॅट्रिना सारखी नसते.

येथें तो तिसरा पक्ष, म्हणजे नायकाच्या वागण्यावर भांडणारा प्रेक्षक, आपल्या उपयोगास येतो. चार-पांच परिचित कुटुंबांनीं मिळून हा चित्रपट पाहिला, त्या वेळची चर्चा येथें थोडक्यांत सांगावीशी वाटते. बांधकामांत उभा जन्म घालविलेले एक वृद्ध गृहस्थ लॉकवर फार प्रसन्न होते. नोकरीवरून काढून टाकल्यानंतरहि हा माणूस डोनलला धीर देतो, सळया तपासावयास लावतो, रस्ता बंद ठेवण्याची परवानगी मिळवितो, काँक्रीट नीट पडलें पाहिजे म्हणून धडपडतो. असा माणूस आम्हांस एक जरी मिळाला असता तरी आम्ही निश्चिंत झोंपलों असतों, असें त्यांचें म्हणणें. त्यावर एक शिक्षिका शांतपणें म्हणाल्या, "काका, तुम्ही त्याला दीड तास पाहिलेंत. त्याची बायको तुम्हांला दोन मिनिटें तरी दिसली का? तिला दाखविलें असतें तर तुम्हीं हेंच म्हटलें असतें का?" वृद्ध गृहस्थांनीं बराच वेळ उत्तर दिलें नाहीं. मग म्हणाले, "बाई, तें मात्र खरें आहे. आम्ही त्याचीच कैफियत ऐकली."

या साध्या बोलण्यांत एकपात्री घाटाचें मर्म आलें आहे. न्यायालयांत प्रतिवादी हजर नसतां जो निकाल होतो त्याला आपण एकतर्फी म्हणतों, आणि त्याकडे थोड्या संशयानेंच पाहतों. एकपात्री चित्रपट प्रत्येक प्रेक्षकाला अशा एकतर्फी खटल्यांत न्यायाधीशाच्या आसनावर बसवितो. ज्याचा चेहरा दिसतो त्याच्या कपाळावरची प्रत्येक आठी आपणांस कळते. आणि ज्याची आठी कळली त्याचा राग येणें अवघड जातें. चेहरा ही मोठी वकिली आहे. दिसणाऱ्याचें दुःख आपणांस दुःख वाटतें, न दिसणाऱ्याचें दुःख आवाजाचा त्रास वाटतो. 'ती बाई फारच किंचाळते' असें मत मीं कॅट्रिनेविषयीं एकाहून अधिक जणांच्या तोंडून ऐकलें आहे. आणि तें बोलणारीं माणसें आपल्या रोजच्या व्यवहारांत मुळींच निर्दय नाहींत. एकपात्री चित्रपटाविषयींचीं मतें इतकीं टोंकाचीं कां होतात, याचें उत्तर माझ्या मतें हें आहे. प्रेक्षक दोन जातींचे असतात. एक, जे चेहऱ्याबरोबर जातात. दुसरे, जे आवाजाचाहि चेहरा मनांत करतात. पहिल्यांना नायक थोर वाटतो, किंवा सारा चित्रपट रिकामा वाटतो. दुसऱ्यांना तोच चित्रपट माणसांनीं गजबजलेला दिसतो, आणि निकाल देणें त्यांना जड जातें.

मग या घाटाच्या चित्रपटाची पारख कशानें करावी? नट किती वेळ एकटा टिकला, यानें करूं नये. तो विक्रमांच्या ग्रंथाचा प्रश्न आहे. न दिसणाऱ्या माणसास त्यानें किती जागा दिली, यानें करावी. या कसोटीवर भाण, कॉक्तो, 'यादें' आणि 'लॉक' यांचा एक क्रम लागतो. भाणांत दुसऱ्याचे शब्द विटाच्या मर्जीवर आहेत. कॉक्तोच्या एकांकिकेंत दुसऱ्याला शब्दच नाहींत. 'यादें'मध्यें पत्नीचा आवाज आहे, परंतु तो पुष्कळसा पतीच्या आठवणींतून येणारा. म्हणजे तिचा पक्ष मांडणारा तोच. कथालेखिका एक स्त्री, आणि त्या नायिकेचा आवाजहि तिचाच, यामुळें तो पक्ष मिळमिळीत झालेला नाहीं, हें मात्र मान्य केलें पाहिजे. 'लॉक'मध्यें आवाज त्या क्षणाचा आहे, आणि तो नायकाच्या ताब्यांत नाहीं. तो हवें तेव्हां येतो, नको असतांना येतो, आणि मधेंच तुटतो. चूक एकदांच झाली, असें लॉक पुन्हां पुन्हां सांगूं पाहतो. त्यावर कॅट्रिना त्याला बजावते कीं, 'एकदांच' आणि 'कधींच नाहीं' यांच्यामध्येंच तर सारें अंतर आहे. ही कैफियत दोन वाक्यांची आहे, परंतु तिला उत्तर नाहीं. आणि दिग्दर्शकानें नायकाला तिचें उत्तर दिलेलें नाहीं.

त्याच वर्षीं, म्हणजे २०१३ सालीं, रॉबर्ट रेडफर्ड यांचा 'ऑल इज लॉस्ट' हा चित्रपट आला. भर समुद्रांत फुटक्या नौकेवर एकटाच म्हातारा, आणि संवाद जवळजवळ नाहींत. तेथें न दिसणारें माणूसच नाहीं. जें आहे तें पाणी आणि वारा. म्हणून त्या चित्रपटाबद्दल प्रेक्षक कंटाळल्याची तक्रार करतील, नटाची स्तुति करतील, परंतु नायकाच्या नीतीवरून भांडणार नाहींत. भांडण लागावयास दुसरी बाजू असावी लागते, मग ती तारेच्या दुसऱ्या टोंकाला कां असेना.

'लॉक'मधील ज्या अपवादाचा वर उल्लेख केला त्याकडे आतां येऊं. दोन दूरध्वनींच्या मधल्या शांततेंत लॉक आरशांत पाहतो, आणि मागच्या रिकाम्या आसनाशीं बोलूं लागतो. तेथें त्याचा मृत बाप बसला आहे अशी त्याची कल्पना. बापानें त्याला जन्मतः टाकलें होतें. आणि 'मी तुझ्यासारखा नाहीं' हें सिद्ध करण्यासाठींच आजचा हा प्रवास आहे. या बोलण्यांत जितका द्वेष आहे तितका सबंध चित्रपटांत दुसरीकडे नाहीं. सर्व पात्रांमध्यें याच एका पात्राला आवाज देण्यांत आलेला नाहीं. पत्नी उत्तर देते, मुलें उत्तर देतात, ज्याला लॉक फसवून निघाला तो वरिष्ठहि तोंडावर शिव्या घालतो. बाप मात्र गप्प आहे. त्यानें मुलाला कां टाकलें, त्याची कांहीं अगतिकता होती काय, हें विचारणारा कोणी नाहीं. लॉक त्याला न ऐकतांच दोषी ठरवितो, आणि आपणहि मान हालवितों. जो एकतर्फी निकाल आपण कॅट्रिनेच्या बाबतींत नकळत दिला, तोच लॉक स्वतः आपल्या बापाच्या बाबतींत जाणूनबुजून देत आहे. आणि त्या निकालाच्या अंमलबजावणीसाठीं तीन जिवंत माणसांचें घर मोडीत आहे. बापाच्या बाजूनें एक शब्द ऐकतां आला असता, तर कदाचित् त्या रात्रीं मोटार दुसऱ्या वाटेला वळली असती. आकाशभाषिताची ही काळी बाजू आहे. ज्या आकाशांतून उत्तर येत नाहीं, त्याच्याशीं मनुष्य हवें तें बोलूं शकतो, आणि त्यालाच सत्य मानूं लागतो.

अखेरीस थोरला मुलगा दूरध्वनीवर येतो. घरांत काय झालें हें त्याला पुरतें कळलेलें नाहीं, कीं कळूनहि तो तसें दाखवीत नाहीं, हें आपणांस सांगतां येत नाहीं. कारण त्याचा चेहरा आपणांस दिसत नाहीं. तो एवढेंच सांगतो कीं, सामना आम्हीं टिपून ठेवला आहे. तुम्ही घरी या, आपण पुन्हां लावूं, आणि निकाल ठाऊक नसल्यासारखे पाहूं. त्या पोरानें नकळत जी तऱ्हा सुचविली, तीच अशा चित्रपटाकडे पाहण्याची खरी तऱ्हा होय. निकाल ठाऊक नसल्यासारखें पाहावें. दिसणाऱ्याकडे डोळे असूं द्यावेत, परंतु कान त्याच्या स्वाधीन करूं नयेत. आपल्या पूर्वजांनीं नाट्याच्या रसिकाला जो 'सामाजिक' हा शब्द योजला आहे, त्याचा येथें नवा अर्थ लागतो. एकटा नट पाहावयास बसलेला प्रेक्षकच तेवढा उरलेल्या समाजाचा प्रतिनिधि असतो. त्यानें न दिसणाऱ्यांची बाजू घेतली नाहीं, तर ती घेणारें तेथें दुसरें कोणीहि नसतें.